चौथ्या पानावरचं दुकान

“आलं! पहिलंच आलं!” मी ओरडले तेव्हा हे एका शिलाई मशीनच्या पोटात डोकं घालून बसले होते. मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. ‘रत्नाकर सिलाई मशीन सुधार, अधारताल’. गूगलवर सगळ्यात वर आमचं पेज.

“चलो,” हे म्हणाले, “आता गिऱ्हाइकांना रांगेत उभं कर.”

दुकानात आम्ही दोघंच होतो.

खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत अठ्ठावीस वर्षं फिटर राहून रिटायर झाल्यावर ह्यांनी मेन रोडवर हे दुकान टाकलं. मग रस्ता रुंद झाला आणि आम्ही आतल्या गल्लीत आलो, जिथला पत्ता ‘हलवायाच्या मागे, पुढे कुणालाही विचारा’ असा सांगावा लागतो. जागा भय्यासाहेबांची. त्यांना ती सुनेच्या पार्लरला हवी होती, पण तोंडावर सांगवेना. शेवटी ह्यांनीच सांगून टाकलं, “विश्वकर्मा पूजेपर्यंत कामं यायला लागली तर ठेवतो. नाही तर चावी तुमची.”

सप्टेंबरातल्या त्या पूजेला चार महिने होते. मशीनवाचून ह्यांचं काय होतं ते मी रिटायरमेंटच्या पहिल्याच महिन्यात पाहिलं होतं. घरातले सगळे नळ उघडून पुन्हा बसवले होते, एकही गळत नसताना. म्हणून मी पेज बनवायला शिकले. व्हिडिओ बघायचा, थांबवायचा, पोळी उलटायची, पुन्हा बघायचा.

पहिला नंबर आल्याचं सांगायला लेकीला, प्रणोतीला, पुण्याला फोन लावला.

“आई, दिवसातून कितीदा उघडून राहिली तू ते पेज?”

“असेल तीस-चाळीसदा.”

“म्हणून तुला वर दिसते. त्याला वाटते, ह्या बाईला हेच पाहिजे. दुसऱ्याच्या फोनवर बघ.”

शेजारच्या राधाबाईंच्या फोनवर आम्ही चौथ्या पानावर होतो.

“चौथं पानबी असते काय?” राधाबाई म्हणाल्या. “मी तर दुसरंच कधी पाह्यलं नाही.”

प्रणोतीने मग पेज नीट वाचलं. “सिलाई मशीन, सिलाई मशीन, छब्बीस बार! जपमाळ ओढली काय? फोडणीत हिंग किती टाकते तू? बस, तेवढंच. आणि ही गोरी बाई कोण?”

“छान हसते म्हणून लावली.”

“बाबांचा फोटो लाव. आणि लोक दुकानाचं नाव थोडीच शोधतात? आपलं काय बिघडलं ते शोधतात. ते लिही.”

दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात वही घेऊन बसू लागले. गोहलपूरची एक बाई आली. “भैया, नीचे धागे का गुच्छा बन जाता है.”

“दीदी, धागा डालते समय सुई के पास वाला पैर नीचे था न? उठाके डालो,” हे म्हणाले. मी दोन्ही वाक्यं जशीच्या तशी उतरवली. लोक बोलतात तसाच प्रश्न, हे देतात तसंच उत्तर. टाके का सुटतात, धागा का तुटतो, मशीन जड का चालते. गोरी बाई गेली, तेलकट नखांचे ह्यांचे हात आले. हात का, तर चेहरा दाखवायला हे तयार नव्हते.

राधाबाईंकडे मी रोज वाटीभर काहीतरी घेऊन जायची आणि त्यांचा फोन मागायची. तिसरं पान. बरेच दिवस तिसरंच. मग दुसरं. ऑगस्टच्या अखेरीस त्यांनीच अंगणातून हाक मारली, “अवो शैलजाबाई, पहिल्या पानावर आले ना तुमचे हात!”

फोन वाजू लागले. कटनी, मंडला, सागर. दिवसाला दहा-दहा. दुकानात मात्र कुणी आलं नाही. माझ्या लक्षात यायला आठवडा लागला. लोक वाचत होते, धागा नीट ओवत होते, आणि मशीन घरीच सुरू होत होती. अडलंच तर ह्यांना विचारत होते.

“उत्तरं काढून टाकते,” मी म्हणाले. “फक्त लिहिते, दुकानात या.”

“काहून?” ह्यांनी चष्मा काढला. “फॅक्टरीत इतकी वर्षं माल बनवला. फाटकाबाहेर गेल्यावर त्याचं काय झालं, कुणी सांगितलं नाही. विचारायचंही नव्हतं. आता लोक फोन करून सांगून राहिले, भैया, चल गई. राहू दे.”

पूजेच्या दिवशी ह्यांनी अवजारांना कुंकू लावलं, भय्यासाहेबांना प्रसाद दिला आणि सोबत चावी. ते “अरे, इतनी क्या जल्दी” म्हणाले, पण चावी त्यांनी घेतली. अवजारं ठेल्यावर चढवत होतो तेवढ्यात फोन आला. नरसिंहपूरहून कुणी बाई. मशीन खडखडते म्हणत होती.

“फोन मशीन के पास रखिए,” हे म्हणाले, “और चलाइए.”

मग गल्लीच्या मधोमध, एक कान हाताने झाकून, डोळे मिटून हे ऐकत उभे राहिले. ठेलेवाला निघायची घाई करत होता. मी त्याला हातानेच थांबवलं.