पान चौतीस

चार दिवसांनी शाळेत आलेल्या जमनी राठोडने पहिल्याच तासाला उभे राहून विचारले, "म्याडम, पुस्तकात चूक असते का?"

आठवीच्या वर्गाला विज्ञान शिकवणाऱ्या प्राची वानखडेंना हा प्रश्न फार आवडला. तो आनंद पुढच्या वाक्यापर्यंतच टिकला.

"आईले घोणस चावली, कापूस वेचतानी. मी पान चौतीस काढलं. कडूलिंबाचा पाला चावायला देल्ला. तिले कडू लागला. मंग आम्ही घरीच थांबलो. तीन घंटे."

आई वाचली होती. पाय सुजून काळा पडला होता, मूत्रपिंडांनी काम थांबवले होते आणि यवतमाळच्या रुग्णालयात तिचे डायलिसिस चालू होते. जमनीने हे सारे प्रयोगाची निरीक्षणे सांगावीत तसे क्रमाने सांगितले. तसे सांगायला प्राचीनेच शिकवले होते.

तीन आठवड्यांपूर्वी तिने वर्गाला प्रकल्प दिला होता: साप चावल्यावर काय करावे? 'आमच्या तांड्यात असे म्हणतात' हे उत्तर चालणार नव्हते; पुस्तकाचे नाव आणि पान क्रमांक हवा होता. पान क्रमांक दिसला, की ती वहीत लाल शाईची चांदणी काढी. ग्रंथालयातून पुस्तके आली आणि सव्वीस मुलांनी एकाच हिरव्या पुस्तकातून, एकाच पानावरून, एकच उतारा नेटका उतरवला: पाला कडू लागला तर विष चढलेले नाही, धावपळ करू नये. ते पुस्तक शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांच्या वडिलांनी लिहिलेले होते.

हा उतारा प्राचीने तेव्हाच वाचला होता. प्रकल्पासाठी तिने केलेल्या तक्त्यात तीन रकाने होते: दावा, संदर्भ, पडताळणी. पुढच्या तासाला ती मुलांना धडधाकट माणसांना पाला चघळायला लावून नोंदी घ्यायला सांगणार होती. कडुनिंब साऱ्यांनाच कडू लागतो आणि जिभेला रक्तातल्या विषाची वार्ता नसते, हे मुलांनी स्वतः शोधावे, असा तिचा बेत होता. पण पुढचे तीनही तास शनिवारी अध्यक्षांसाठी होणाऱ्या समारंभाच्या स्वागतगीताला गेले. तक्ता व्हरांड्यात लागला, तिसरा रकाना कोराच राहिला.

मधल्या सुट्टीत ती हिरवे पुस्तक घेऊन ग्रंथालयात शिरली. ग्रंथपाल शोभाताई पोषण आहाराची माहिती संगणकात भरत होत्या.

"हे पुस्तक मुलांपुढे ठेवलंच कसं तुम्ही?"

शोभाताईंनी पुस्तक पाहिले, मग प्राचीला. "काय झालं ते आधी सांगा."

प्राचीने सांगितले. शोभाताईंचा हात कळफलकावरून खाली आला. त्या बोलल्या तेव्हा आवाज चढला होता.

"तुम्ही चिठ्ठी कोणती धाडली होती? 'आरोग्याची सर्व पुस्तके द्यावीत.' शिपायाच्या हाती. सर्व देली. कायले पाह्यजेत, कोणत्या वर्गाले, कोणतं देऊ नको, हे मले इचारलं होतं का तुम्ही?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"ते पुस्तक मी सात वर्षं मागच्या कपाटात कुलपात ठेवलं, म्याडम. तुमची चिठ्ठी आली म्हणून काढलं. ग्रंथालयशास्त्र शिकून आली मी. पण या शाळेत मी म्हंजे चावी. चावीले कोण इचारते?"

प्राचीच्या तोंडी उत्तर आले होते, पण ते तपासून पाहता टिकत नव्हते. कुलूपबंद पुस्तकाबद्दल शोभाताईंनीही सात वर्षांत कुणाला काही सांगितले नव्हते, हे खरे. पण चिठ्ठी तिचीच होती. रागाला दुसरीकडे वळवायला जागा उरली नाही, म्हणून तो आणखी वाढला.

"प्रती किती?"

"अकरा."

"रद्द करता येतात?"

"येतात. तज्ज्ञाचं मत लागते, लेखी, आन् मुख्याध्यापकाची सही. लिहा."

प्राचीने उभ्यानेच लिहिले. शोभाताईंनी निर्लेखनाची, म्हणजे बाद केलेल्या पुस्तकांची, नोंदवही काढली. वहीत आजवर कारणे दोनच होती: फाटले आणि वाळवी. त्यांनी प्राचीची पाच वाक्ये वाचली, चार खोडली आणि उरलेले वहीत उतरवले: 'पृष्ठ ३४ वरील उपचाराने सर्पदंशाचा रुग्ण दगावू शकतो.' मग एकेका प्रतीवर 'बाद'चा शिक्का मारू लागल्या. सातव्या प्रतीला मुख्याध्यापक ढोके दारात आले.

"काय करून राह्यल्या तुम्ही? शनिवारी साहेब येऊन राह्यले ना! त्यांच्या बाबांचं पुस्तक हाय ते."

"म्हणूनच आज करतोय," प्राची म्हणाली.

"आन् तो तक्ता. तिसरा रकाना कोरा दिसते, बरं नाही वाटत. दुमडून टाका मांगं."

"सर, जमनीची आई डायलिसिसवर आहे."

"मले वाईट वाटते हो. पण तिले पुस्तक चावलं का साप?" ढोके हसले. मग कुणी हसत नाही हे पाहून थांबले. "मी काही सही करणार नाही."

शोभाताईंनी कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "नका करू. मंग इथं लिहून द्या, पान चौतीस बरोबर हाय म्हणून. सहीनिशी. अकराही प्रती आज वर्गात वाटतो."

ढोकेंनी कागदाकडे पाहिले आणि पेन खिशातच ठेवले. "शनिवार होऊ द्या, मंग पाहू," म्हणत ते निघून गेले. नोंदवहीतली सहीची जागा कोरी राहिली. शोभाताईंनी आठवी प्रत ओढली.

"पुढच्या बारीनं चिठ्ठी नाही," त्या मान वर न करता म्हणाल्या. "सोता यायचं. धडा घेऊन."

"येईन."

व्हरांड्यात तक्त्याचा तिसरा रकाना दोघींनी मिळून भरला. प्राचीने पडताळणी लिहिली. शोभाताईंनी खाली ठळक अक्षरांत रुग्णवाहिकेचा '१०८' लिहिला आणि जवळच्या रुग्णालयाच्या वाटेचा नकाशा काढला. शेजारी उभ्या जमनीने ते सगळे वाचले आणि दप्तरातून आपली वही काढून पुढे धरली. उतारा नेटका होता. पान क्रमांक बरोबर होता. समासात लाल चांदणी होती.

"हे खोडा, म्याडम."

प्राचीने ती खोडली. कागद फाटेस्तोवर खोडली. मग वर्गात जाऊन उरलेल्या पंचवीस वह्या मागितल्या.