भिंतीला लावलेले टेबल

मुलांनो, मी एक जुने लांबट टेबल आहे. तळ्याकाठच्या आमच्या ओजिब्वे आदिवासी वस्तीच्या सभागृहात माझे आयुष्य गेले.

इथल्याच सुतारांनी मला पाइनच्या फळ्यांतून घडवले, पण माप वस्तीवर नेमलेल्या गोऱ्या सरकारी साहेबाने दिले. एका टोकाला त्याची खुर्ची असे. मुखिया आणि पंच कडेला बसत. काहीही ठरो, साहेबाने मान हलवली तरच ते ठरले. बायकांना मत नव्हते. एखादीने बाहेरच्याशी लग्न केले, की वस्तीच्या यादीतून तिचे नाव खोडले जाई आणि तिथे राहण्याचा हक्कही जाई.

पुढे साहेब गेला. त्याच्या खुर्चीत आमचा मुखिया बसू लागला. लोक माझ्यावर हात फिरवून म्हणत, "आता हे आपलं." मला बरे वाटे. जुन्या रीतीप्रमाणे गरुडाचे पीसही सभेत परत आले. ज्याच्या हाती पीस, त्याने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. पण ते माझ्याभोवतीच फिरे. भिंतीशी उभ्या असलेल्यांपर्यंत पोचत नसे.

मग नाव खोडण्याचा कायदा बदलला आणि नाव खोडलेली व्हेरा कीजिक परत आली. तिला राहायला जागा हवी होती.

"घरं कमी आहेत," सॅम्सन पंच पीस हातात घेऊन म्हणाला. "शहरात बरी होतीस की, पोरी!"

भिंतीशी उभी असलेली अ‍ॅग्नेस आजी खेकसली, "हॅरी, मुखिया ना तू? ते पीस माणसांचं की टेबलाचं? उचला हे धूड!"

"आजी, सभा चालू आहे."

"गोल बसल्याशिवाय कसली रे सभा?"

मला उचलून भिंतीला लावले. अपमान वाटला, खोटे कशाला सांगू? सगळे गोल बसले. पीस व्हेराकडे आले. ती एवढेच म्हणाली, "माझे वडील करकोचा कुळातले. मीही त्याच कुळातली."

सगळ्यांच्या नजरा सॅम्सनकडे वळल्या. सॅम्सनचे कुळही तेच. आपल्या कुळाच्या माणसाला दारातून परत पाठवायचे नाही, ही आमची रीत.

सॅम्सनने व्हेराकडून पीस घेतले. "माझ्या घराची मागची खोली रिकामी आहे. पण घोरण्याची तक्रार चालणार नाही."

"कुणाच्या घोरण्याची?" व्हेराने विचारले.

"पीस नसताना बोलायचं नाही!" आजीने दटावले, आणि सगळे हसले.

आता माझ्यावर मूस हरणाच्या मांसाचा रस्सा आणि रानतांदूळ मांडतात. माझा एक पाय डुगडुगतो, त्याखाली व्हेरा लाकडाचा तुकडा सारते. मुलांनो, मला असेच जपा. जेवताना खुशाल मधे घ्या. पण काही ठरवायला बसाल, तेव्हा आधी मला भिंतीला लावा.