हिरव्या अक्षरांखालची रेघ

मी एक रेघ बोलतेय. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर, जिथं चित्रं नसतात, नुसत्या अक्षरांच्या ओळी पळत असतात, तिथं माझं घर आहे. ज्या शब्दांवर क्लिक केलं की दुसरं पान उघडतं, त्या लिंकच्या खाली मी असते.

माझा जन्म निघोज्याजवळच्या एका कारखान्यात झाला. मशिन बिघडलं की तिथल्या पडद्यावर लाल अक्षरांत तक्रार यायची आणि दुरुस्तीच्या पानाची लिंक हिरव्या अक्षरांत. पडद्याचं सॉफ्टवेअर सांभाळायची पिंपळे गुरवची स्वरूपा. त्यासमोर बसायचा मोशीचा कुलदीप, मेंटेनन्स इंजिनिअर.

जन्माआधीची गोष्ट मला स्वरूपाच्या बोलण्यातून कळली. एका दुपारी प्रेस मशिन बंद पडलं. शिफ्ट इन्चार्ज शेखर मागे येऊन उभा राहिला. "हिरवी ओळ दाब ना राव, बघत काय बसलास?" कुलदीपचा माऊस ओळींवरून नुसताच फिरत राहिला. शेवटी शेखरनेच क्लिक केलं. कुलदीपची मान खाली गेली. स्वरूपाने ते पाहिलं, विचारलं मात्र काही नाही. घरी जायच्या आत तिने प्रत्येक लिंकखाली मला ओढलं.

दुसऱ्या दिवशी कुलदीपचा माऊस सरळ माझ्यावर आला आणि पान उघडलं. काय सांगू, माझा आनंद पडद्यावर मावेना झाला!

पण माझ्यामुळेच एक घोळ झाला. एका फाइलच्या नावात दोन शब्दांना तळाशी जोडणारी बारीक रेघ, म्हणजे अंडरस्कोअर, होती, ती माझ्याखाली झाकली गेली. शेखरने तिथं मोकळी जागा समजून नाव टाइप केलं. फाइल सापडेना, काम खोळंबलं. तो तणतणत आला. "स्वरूपा, ही रेघ आजच काढ. हिरवा रंग पुरे आहे."

स्वरूपाने कीबोर्ड जवळ ओढला. मी धास्तावले. तेवढ्यात कुलदीप उठला.

"सर, मला लाल अन् हिरवं सारखंच दिसतं. नोकरी जाईल म्हणून बोललो न्हाई. ही रेघ हाय, म्हणून मला लिंक कळती."

शेखर खुर्ची ओढून बसला. "आधी सांगायचंस ना भावा. मी उगाच तुला सगळ्यांसमोर बोलत राहिलो." मग स्वरूपाकडे वळून म्हणाला, "रेघ राहू दे. पण नावही नीट वाचता आलं पाहिजे."

मग तिघं माझ्यामागे लागले. मला जाड केलं, दुहेरी केलं. नागमोडी केलं तर कुलदीप म्हणाला, "शब्द चुकल्यागत वाटतंय." शेवटी स्वरूपाने माझे ठिपके केले आणि मला जरा खाली सरकवलं. नावातली रेघ स्पष्ट दिसू लागली. वर तिने एक गंमत केली. माऊस जवळ आला की माझे ठिपके जुळतात आणि मी अखंड होते.

आता मी कारखान्यातल्या प्रत्येक पडद्यावर आहे. परवा नवीन आलेल्या दीक्षाला कुलदीप शिकवत होता. "रंगाकडं बघू नको. ठिपके कुठं हायत ते बघ."

तुम्हीही पडदे बनवत असाल, तर हवे ते रंग भरा, पण माझ्यासाठी थोडी जागा ठेवा. समोरच्याला काय दिसत नाही, हे तो सांगेलच असं नाही.

थांबा, दीक्षाचा माऊस येतोय. मला अखंड व्हायचंय.