भोंग्याच्या गाडीतली इसा

निवडणूक आली की लंडनपासून दूर उत्तरेकडच्या फाइफमधल्या आमच्या गावात लाल गाडी फिरते. टपावर भोंगा, आणि भोंग्यात माझ्या सासूबाईंचा, इसा डथींचा आवाज. कोळशाच्या खाणी चालू होत्या तेव्हापासूनचं हे.

या वेळी त्यांनी त्या गाडीत बसू नये, एवढंच मला हवं होतं. माझा नवरा स्ट्रुअन फौजेबरोबर परदेशी लढाईवर, बसऱ्यात होता. आमच्या तान्ह्या मॉर्व्हनचा पहिला दात त्याने अजून पाहिला नव्हता. आणि इसा ज्याच्यासाठी मतं मागायच्या, तो खासदार अ‍ॅलेक पेट्री त्याच लढाईच्या बाजूने होता. लंडनच्या संसदेत मत द्यायला हात वर करत नाहीत. होकाराचं दार वेगळं, नकाराचं वेगळं. आपल्या पायांनी चालत जायचं. पेट्री होकाराच्या दारातून गेला होता.

"नका ना जाऊ," मी म्हणाले. हिरड्या शिवशिवत होत्या म्हणून मॉर्व्हन माझा खांदा चावत होती.

इसा आरशासमोर कोटाला पक्षाचं लाल कापडी फूल टोचत होत्या. "खाणकामगारांच्या संपाच्या वर्षी याच पक्षाच्या बायकांबरोबर मी अख्ख्या गावाचं सूप शिजवलंय, पोरी. पक्ष माझा आहे. अ‍ॅलेकच्या बापाचा नाही."

"आणि स्ट्रुअन कोणाचा?"

टाचणी त्यांच्या बोटात घुसली. बोट चोखत त्या बाहेर पडल्या.

मी इतकी चिडले की मॉर्व्हनला ढकलगाडीत घातलं आणि मागोमाग निघाले. म्हटलं, दारोदार सांगेन, हिचं ऐकू नका.

गाडी वळणावर उभी होती. खिडक्या उघड्या. चालवायला म्हातारा डॉड, शेजारी माइक घेऊन इसा, मागच्या सीटवर पेट्री. तो सांगत होता, "इसा, नेहमीचंच बोल. दवाखाना, शाळा, पेन्शन. परदेशाचं काही नको."

"बरं," इसा म्हणाल्या. भोंगा खरखरला. गाडी हळूहळू चालू लागली.

"मी इसा डथी. माझा मुलगा बसऱ्यात आहे. त्याला तिथे धाडायला जो होकाराच्या दारातून चालत गेला, तो अ‍ॅलेक पेट्री माझ्या मागे बसलाय. आज तो तुमच्या दारात येतोय. मत द्या नाहीतर देऊ नका. आधी विचारा, का गेलास?"

"डॉड, बंद कर ते!"

"माझे दोन्ही हात गाडी चालवण्यात गुंतलेत, साहेब."

"अगं, पक्षातून काढतील तुला!"

भोंगा चालूच होता. हेही सगळ्या गल्लीने ऐकलं.

"काढू देत. फूल मी घरी शिवलंय, ते परत मिळायचं नाही."

दारं उघडू लागली. सपाता घातलेल्या बायका फाटकापाशी आल्या. "अरे अ‍ॅलेक, उतर की! चहा ठेवलाय, खात नाही तुला!" समोरची जीन ओरडली.

डॉडने गाडी थांबवली. पेट्री उतरला. सवयीने त्याचे हात आधी बाळाकडे आले. "किती गोड!"

मी ढकलगाडी मागे ओढली. "हिला नंतर. आधी उत्तर."

"हे बघ, त्या वेळी आमच्यापुढे जे अहवाल होते..."

"अहवाल नको. तू का गेलास?"

इसांनी खिडकीतून माइक त्याच्या तोंडापुढे धरला. बोटावर रक्ताचा ठिपका अजून होता.

"बोल, अ‍ॅलेक. माझी सून ऐकतेय."