दौलतची फुंकर

एकोणीसशे त्रेपन्न सालच्या थंडीत, कल्याणच्या खाटीकखान्यात दौलतने बोकडाच्या मागच्या पायाला बारीक चीर दिली, चिरेला ओठ लावले आणि फुंकर मारली. कातडं हललं नाही. त्याने पुन्हा छाती भरून घेतली आणि खोकत तिथेच उकिडवा बसला.

फुंकरीने कातडं मांसापासून सुटतं, मग सोलताना सुरी अडत नाही. दौलत एका दमात अख्खा बोकड तट्ट फुगवायचा; बघायला माणसं थांबत. पण दिवाळीपासून त्याला तापाने धरलं होतं. संध्याकाळी चढायचा, पहाटे घामाने गोधडी भिजायची, आठ दिवस बरे गेले की पुन्हा. हिवतापाच्या गोळ्या गिळून कान वाजायला लागले, ताप हटेना. मुकादम काळुरामने सांगून टाकलं होतं, शिमग्यापर्यंत वाट बघतो, मग जागा दुसऱ्याला.

दौलतची बायको रतन तिथेच नळावर वजडी, म्हणजे बोकडांची आतडी-पोटं, धुवायची. दौलतच्या जोडीने बोकड सोलणाऱ्या तानाजीला तसाच ताप होता, आणखी दोघांना होता. साठी उलटलेला धोंडीबा मात्र ठणठणीत. पाणी तेच, डास तेच, मग हा कसा सुटला? तानाजी म्हणे, दारूबंदीतही म्हाताऱ्याला रोज मिळणारी पावशेर, तिचा हा गुण. रतनला ते पटेना. बाटलीत तानाजीचाही वाटा असायचा.

चार दिवस ती वजडी धुताधुता धोंडीबाकडे बघत राहिली. पाचव्या दिवशी तिने विचारलंच.

"मामा, तुमी फुंकत न्हाई व्हय?"

"दमेकरी माणूस मी, पोरी. माझ्या फुंकरीनं चूल पेटंना. मी आपलं मुठीनं कातडं सोडवतो."

त्याच आठवड्यात ती दौलतला घेऊन ठाण्याला नौपाड्यात गेली. तिथले प्रभाकर डॉक्टर सावकाश ऐकून घेतात असं तिच्या कानावर आलं होतं. रतनने फुंकरीचं सगळं सांगितलं, धोंडीबाचंही. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली आणि हे कुणी शोधून काढलं म्हणून विचारलं. ती म्हणाली, कुणी न्हाई, मी बघत व्हते.

दौलतचं रक्त मुंबईला तपासायला गेलं. ताप बकऱ्यांचाच निघाला. चिरेवरच्या रक्तातून तोंडावाटे आलेला. सुया सुरू झाल्या आणि फुंकायला सक्त मनाई झाली.

रतनने सायकलवाल्याकडून जुना पंप आणून पुढे ठेवला. दौलतने त्याला दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मान खाली घालून चिरेत नळी बसवली.

"काय रं दौलत, पंक्चर काढतुयास का?" तानाजीने विचारलं. सगळे हसले. दौलतचे कान लाल झाले, पण हात थांबला नाही. बोकड फुगला. काळुराम लांबून बघत होता; शिमगा आला नि गेला, जागेचं तो काही बोलला नाही.

दौलतने शेवटची सुई घेतली त्या दिवशी रतनने डॉक्टरांना विचारलं, बकरीला हा ताप आहे हे कळतं कसं?

"बकरी आजारी दिसतच नाही, बाई. फक्त गाभडते. एकदा, दोनदा. मालकाला वाटतं दृष्ट लागली."

दौलत सदऱ्याची बाही खाली करत होता, तो थांबला. रतनचे दोन गर्भ चौथ्या महिन्यात गेले होते. सासू रंगूबाईने दोन्ही वेळा मीठमोहऱ्या ओवाळल्या होत्या.

पदराखालचे हात रतनने टेबलावर ठेवले. पाण्यात राहून बोटांच्या पेरापेरांवर भेगा पडल्या होत्या.

"डॉक्टर, माजं बी रगत बघाल?"

धोंडीबा पुढे दोन वर्षांनी दम्याने गेला. तो ताप त्याला शेवटपर्यंत आला नाही. तानाजीने फुंकर सोडली नाही. पाठ धरली तेव्हा गावी गेला, तिथे इतरांच्या बकऱ्या सांभाळायचा. काळुरामने चाकरी संपायच्या आधी खाटीकखान्यात तीन पंप घेतले. रंगूबाईचा मात्र मीठमोहऱ्यांवरच विश्वास राहिला. रतनच्याही सुया झाल्या आणि छप्पन साली नात झाली, हेमा, तेव्हाही तिने त्या ओवाळल्याच.

हेमा तीन वर्षांची असताना जत्रेतून रबरी फुगा घेऊन आली आणि तिने तो बापाच्या हातात दिला. दौलतने सवयीने खुंटीवरच्या पंपाकडे पाहिलं, मग रतनकडे. फुगा ओठांना लावून त्याने तो एका दमात फुगवला.