न फिरवलेली मान

लिंबायतमध्ये कुणाची मान लचकली की त्याची पावलं थेट शालिग्रामआबांच्या ओट्याकडे वळत. दिवसभर कापडाच्या कारखान्यात लूम चालवणारा हा माणूस. सुट्टीच्या दिवशी तेल चोळून, हनुवटीला हात लावून असा झटका देई की आलेला हसत घरी जाई. आबांना याचा भारी तोरा होता, आणि तो लपवायची त्यांना गरजही वाटत नसे.

त्या दिवशी कारखान्यातला लोटू आला, तो दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरूनच. माळ्यावरून कापडाचे ताके उतरवताना डोक्यावर पडला होता.

"आबा, मी हात सोडा का डोकं पडी जाई असं वाटस. एक झटका द्या."

आबांनी तेलाची वाटी ओढली. तेवढ्यात त्यांची मुलगी हर्षदा दवाखान्यातली नर्सची पाळी संपवून दारात आली आणि थबकली.

"आबा, हात नका लावा. असं डोकं धरीसन येस त्याचं हाड तुटेल ऱ्हास. फिरवशात तर जागीच जाई."

ओट्यावर दहा माणसं बसलेली. पोटच्या पोरीनं चारचौघांत असं बोलावं? आबांची कानशिलं तापली. पण लोटू अजूनही डोक्यावरचे हात सोडायला तयार नव्हता, आणि ते त्यांना दिसलं.

"मंग काय करू?"

"नुसतं धरा. हालू देऊ नका."

लोटूला अलगद आडवं केलं. अँब्युलन्स येईपर्यंत आबा उशाशी बसून ते डोकं तळव्यांत धरून होते. गुडघे बधिर झाले. झटका द्यायची सवय अंगठ्यांत वळवळत होती, ती त्यांनी दाबून ठेवली.

दवाखान्यात साध्या एक्स-रेत काही दिसेना. लोटू घरी निघायच्या गोष्टी करू लागला. हर्षदा मात्र हटून बसली आणि तिनं सीटी स्कॅन करायला लावलाच. मानेच्या दुसऱ्या मणक्यावरचा, डोकं ज्यावर फिरतं तो हाडाचा खुंटा मुळाशी तुटला होता. मान जरा फिरली असती तर श्वासच थांबला असता. हे ऐकून आबा आपल्या तळव्यांकडे पाहू लागले. आजवरच्या किती माना निव्वळ दैवानं वाचल्या, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी स्क्रू घालून हाड जोडलं. शुद्धीवर आल्यावर लोटूनं हातपाय हलवून दाखवले.

"माथुं कोणे पकड्युं हतुं?" डोकं कुणी धरलं होतं, हे डॉक्टरांनी कौतुकानं गुजरातीत विचारलं.

"माझ्या वडिलांनी," हर्षदा म्हणाली. "मान बसवतात ते."

आबा पुढे झाले. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी ते नुसतं धरं. हाड तुटेल शे हे वळखं मन्ही पोरनी."