नागुबाईच्या उंचीची वाट

हदगावात लग्न ठरलं की समीक्षाला शूटिंगचं बोलावणं ठरलेलंच. तिच्या गिंबलवर, म्हणजे हिसके न बसू देणाऱ्या दांड्यावर, कॅमेरा बसला की साधी नवरीसुद्धा पाण्यावरून तरंगत आल्यासारखी दिसे. त्यासाठी गुडघे वाकवून, टाच अलगद टेकवत चालावं लागे आणि ती बदकाची चाल बघून वऱ्हाडी हसत. हसेनात का बापडे!

खुब्याचं हाड मोडल्यापासून तिची माय नागुबाई खाटेवर होती. दर पौर्णिमेला विहारात जाणारी बाई आता भिंतीकडे तोंड करून पडायची. "एकडाव विहारापस्तोर चालायचं हाय," एवढंच म्हणायची. ते आता होणे नाही, हे समीक्षाला ठाऊक होतं. तिचा जीव तुटायचा.

म्हणून पौर्णिमेच्या सकाळी तिनं उंबऱ्यापासून विहारापर्यंतची वाट चालत टिपली. एक हिसका नाही की धक्का नाही. घरी येऊन मोठ्या हौसेनं मायला मोबाइलवर दाखवली.

"ब्येस हाय," नागुबाई म्हणाली. "पण ही तू चालून राहिलीस. मला कुंपणापल्याडचं कवा दिसलं? अन् बाया तुला जयभीम करायल्यात, मला न्हाई."

समीक्षाला हसू आलं आणि रडूही. अख्ख्या गावाच्या नवऱ्या नीट दाखवणारी पोरगी मायची उंचीच विसरली होती.

पुढच्या पौर्णिमेला तिनं कॅमेरा छातीशी उतरवला. वाटेतल्या बायांना कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "माझ्याकडं बघू नका. हितं माय हाय."

आधी सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग शेजारची महामाया पुढं आली. "जयभीम नागुअक्का! लई दिस लावलेस गं. चल, जागा धरलीय तुझी." कुंपण डोळ्यांपेक्षा उंच झालं, लिंबाची सावली अंगावरून सरकली, पांढऱ्या साड्या बाजूला होत गेल्या. विहारात शिरून कॅमेरा हळूच पुढच्या सतरंजीवर टेकला.

तो व्हिडिओ नागुबाईनं दोन्ही हातांनी धरून पाहिला. "जयभीम गं बाई," ती मोबाइलमधल्या महामायाला म्हणाली. व्हिडिओत वंदना सुरू झाली तशी तिचे ओठ हलू लागले. इतक्या दिवसांत समीक्षानं तिचा चेहरा असा निवांत पाहिला नव्हता.

समीक्षानं परतीची वाटही टिपली होती, तितकीच सांभाळून. कॅमेरा दाराकडे वळला, तोच नागुबाईनं मोबाइल पालथा केला.

"परतीचं नको दावू," ती म्हणाली. "आज हितंच बसते."